मुंगळ्याचं नाक

११ जानेवारी

काका,

नमस्कार, खुशाली, मोठ्यांना, लहानांना जे काय असतं ते सगळं पोचलं असं समज. माझे हात काळे आहेत. कोपऱ्यात अंगठा उमटलाय तो सही म्हणून धर.

फोनच करणार होते. पण मागच्या वेळी मी घसा फोडून "मुंगळा! मुंगळा!" ओरडले आणि तू शांतपणे विचारलंस, "कुठे, साखरेत?" समोरच्या खिडकीतली बाई पाच मिनिटं हसत होती. तुझ्या कानांशी माझं भांडण नाही, आयुष्यभर पत्रा ठोकलेल्या माणसाचे कान असेच असणार. म्हणून हे पत्र.

तर मुंगळा. आपला मुंगळा! बाबांची रेसची गाडी. बाबा गेले त्याला परवा वर्ष झालं, आणि मला त्यांच्या कोटाच्या खिशात शेडची किल्ली सापडली. ताडपत्री ओढली तर खाली तो तसाच. जुन्या प्रवासी गाडीचं धड कापून त्यात दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबलेलं, चाकं उघडी, कंबर बारीक, अंग काळं. सीट उंदरांनी खाल्लीये. बॉनेट आणि बाजूचे पत्रे शाबूत आहेत. नाक मात्र नाही. मी दोन वर्षांची असताना बाबांनी ते भिंतीत घातलं आणि त्यांचे पाय वाचले, एवढं मला माहितीये. पुन्हा का नाही बसवलं विचारलं की ते म्हणायचे, "तुझा काका गेला ना निघून, आता नाक कोण करणार?"

आता ऐक. म्हणजे वाच. २० एप्रिलला जुन्या धावपट्टीवर जुन्या रेसगाड्यांचा दिवस आहे. मी मुंगळ्याचं नाव दिलंय. इंजिन मेकॅनिकने सुरू करून दिलं, आता ते बाबांसारखंच सकाळी आधी खोकतं आणि मग चालतं. अट एकच, गाडी जुन्या फोटोत होती तशीच हवी. प्लास्टिकचं नाक चालणार नाही. ॲल्युमिनियम, आणि तेही हाताने ठोकलेलं. फॉर्मवर "बॉडी कोणी बनवली" असा रकाना होता, तिथे मी ऐटीत तुझं नाव लिहिलंय.

तू ये. आठ दिवस ये. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती त्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही, मला वाटतं भिंतीच्या त्या दिवसापासून. पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांच्या गाड्यांची सीट कव्हरं शिवत असते आणि समजते मी शेड साफ करतेय. नाक बसलेला मुंगळा एकदम तिच्यासमोर उभा करायचाय मला.

बाबांना मी एकदाही त्यात बसलेलं बघितलं नाही, काका. निदान त्यांच्या जागेवर मी बसून बघते.

तुझी,
टाचणी

*

१९ जानेवारी

चि. टाचणी,

अनेक आशीर्वाद. अंगठा पोचला. तू बोलायला लागलीस तेव्हापासून टोचतेयस, पत्रातूनही टोचतेस.

येणं मला जमणार नाही. गुडघा धरलाय. शिवाय नळाचं काम काढलंय, प्लंबर रोज उद्या म्हणतो. आणि मांजरीने माझ्या कपड्यांच्या कपाटात चार पिल्लं घातलीत. आई तापट आहे, कपाट उघडलं की फिस्कारते. मी आठ दिवस त्याच शर्टवर आहे. अशात घर सोडून कसा येऊ?

पण लिहून सांगतो. तू लिफ्टच्या कंपनीत नकाशे काढतेस, तुला कळेल. आधी फोटोवरून प्लायवूडचा सांगाडा कर, नाकाच्या मापाच्या फासळ्या उभ्या करून. त्यावर खाकी कागद बसव, जिथे सुरकुती पडते तिथे काप. तो कागद म्हणजे तुझा नमुना. त्यावरून पत्रा काप, दीड मिलिमीटरचा. नाक दोन गालांचं होतं, डावा आणि उजवा, मधे रिव्हेटने जोडलेले. कॅनव्हासच्या पिशवीत वाळू घट्ट भर. पत्रा पिशवीवर ठेव आणि लाकडी हातोड्याने आतून ठोकून फुगवत जा. जोर करू नकोस. हातोडा पडू दे, मारू नकोस.

रकान्यातलं माझं नाव खोड. "घरी बनवली" असं लिही.

वहिनींना काही सांगितलं नाहीस ते बरं केलंस.

तुझा,
भोंगा काका

*

४ फेब्रुवारी

काका,

नाव खोडणार नाही. विनय इतकाही करू नये माणसाने. कारखान्यात तुला अजून "नाकवाले मिस्त्री" म्हणतात ना? निवृत्तीच्या दिवशी नाकाच्या फोटोची फ्रेम दिली ना त्यांनी? मग!

सांगाडा उभा आहे. माशाचा काटा उभा करून ठेवल्यासारखा दिसतो. कागदही जमला. पत्र्याला मात्र कांजिण्या आल्यात. तू म्हणतोस हातोडा पडू दे, माझा नुसता पडतो, कुठे पडेल याचा नेम नाही. आठवड्यात दोन तुकडे काठाला फाटले.

मग मी बॉनेट उलटं करून आतून बघितलं, तू कसं केलंस ते. काका, काय घाव आहेत रे! एकाशेजारी एक, खवले असावेत तसे. प्रत्येक घावाची कड एका बाजूला जरा जास्त खोल आहे. तुझे सगळे घाव डावीकडे खोल आहेत, माझे सगळे उजवीकडे. ही काय युक्ती आहे? मनगट कसं धरायचंस?

आणि एक गंमत. काल मी ठोकत असताना आई शेडबाहेर कपडे वाळत घालत होती. आतूनच विचारलं, "त्रास होतोय का गं?" तर म्हणाली, "आवाज कडक येतोय." बिचारीचं डोकं दुखलं असणार. संध्याकाळी बघते तर शेडच्या उंबऱ्यावर कपड्याच्या साबणाची वडी ठेवलेली. माझे हात बघवत नसतील तिला.

तिला संशय आलाय का? का नुसता साबणच आहे?

टाचणी

*

१२ फेब्रुवारी

चि. टाचणी,

साबण हात धुवायला नाही.

ॲल्युमिनियम ठोकून ठोकून ताठरतं. मग आवाज बारीक आणि कडक येतो, आणि पुढे फाटतं. तेव्हा त्याला साबण चोळायचा आणि मागून गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळपट तपकिरी झाला की थांबायचं. गार झालं की पत्रा पुन्हा मऊ, कणकेसारखा. हे मी पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. राहून गेलं.

वहिनी अजून काय म्हणाल्या? शब्दाला शब्द लिही.

आता उजवा गाल. त्याला फुगा आहे, हे फोटोत दिसत असेल. कार्बोरेटर तिथे बाहेर येतो म्हणून. (उजवा म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर उजवा.) फुगा चुकला की नाक गेलं, म्हणून डोळे मिटून मी सांगतो तसंच कर. माझ्या डोळ्यांसमोर आहे तसं लिहितोय. पत्रा पिशवीवर ठेवलास की अरुंद टोक तुझ्या डाव्या हाताला. फुगा तुझ्यापासून लांबच्या काठाला, चार बोटं आत. रुंद टोकाकडून सुरू कर आणि गोल गोल ठोकत मधे ये. मधेच थांबून पत्रा फिरवावा लागतो. फिरवायला समोर कोणी असेल तर बरं.

मनगटाचं मला काही सांगता येत नाही. ज्याचा त्याचा हात असतो.

पिल्लं आता कपाटातून डोळे वटारून बघतात.

तुझा,
काका

*

२७ फेब्रुवारी

काका!!

साबणाला साष्टांग नमस्कार. पत्रा खरंच कणीक झाला. मी तर त्याच्याशी गप्पा मारत ठोकत होते.

दहा दिवस फुगा केला. ऑफिसातून आले की शेड, रविवारी शेड. कांजिण्या गेल्या. फुगा असा आला की मी त्यावर गाल टेकवून बसले. मग उचलून सांगाड्यावर ठेवला, उजव्या बाजूला. बसेना. दाबला, बसेना. शेवटी वैतागून डाव्या बाजूला लावून बघितला.

काका, तो हातमोज्यासारखा बसला. डाव्या गालावर!

फुगा डावीकडे, कार्बोरेटर उजवीकडे. मुंगळ्याला गालफुगी झाल्यासारखी दिसतेय. पिशवीवर सगळं उलटंपालटं असतं, त्यामुळे करताना मला कळलंच नाही. आणि तूच म्हणालास डोळे मिटून कर. मिटले!

सात आठवडे राहिलेत. माझी चूक झाली की तुझी? पत्र तीनदा वाचलं. अरुंद टोक डाव्या हाताला, असंच लिहिलंयस तू.

(आई शब्दाला शब्द: "आता बरा येतोय." मी विचारलं, काय बरा येतोय? तर म्हणाली, "वास. आमटीचा." आमटी तिनेच केली होती.)

टाचणी

*

६ मार्च

चि. टाचणी,

तू उलटं वाचलं असशील. मी चुकलो नाही. ते नाक मी आजही डोळे मिटून बघू शकतो. शब्दांत घोळ होतो, म्हणून चित्र काढून पाठवतोय. हातांसकट काढलंय, म्हणजे पत्रा कुठे धरायचा तेही कळेल. यावरून कर. फक्त यावरूनच.

रेषांवर जाऊ नकोस.

नळ झाला. प्लंबर आता शेजारी उद्या म्हणतो.

काका

*

१३ मार्च

काका,

चित्र सुरेख आहे. खरंच. पिशवीची शिवणसुद्धा काढलीयस.

ते मी टेबलावर ठेवून दोन दिवस बघत होते. माझं पोट नकाशांवर चालतं, आणि नकाशात मी आधी एकच गोष्ट शोधते, काढणारा कुठे उभा आहे.

पानाच्या खालच्या कडेने दोन हात येतात. म्हणजे तुझे. ते पत्र्याचा काठ धरून आहेत, दोन्ही. हातोडीचा हात वरून येतो, समोरच्या बाजूने. तो तुझा कसा असेल? तुझे दोन्ही धरण्यात गुंतलेत. आणि त्या हाताचा अंगठा जिथे आहे त्यावरून तो डावा हात आहे.

मी कागद फिरवला, हातोडीचा हात माझ्या बाजूला येईल असा. फुगा तू लिहिलंस तसा लांबच्या काठालाच राहिला, पण अरुंद टोक माझ्या उजव्या हाताला आलं, आणि तसा केला तर गाल बरोबर उजवा होतो.

तू समोर होतं ते सगळं खरं लिहिलंस. फक्त डावं-उजवं समोरून बघून लिहिलंस.

आपल्या घरात डावखुरं माणूस एकच आहे. तिची कात्रीसुद्धा वेगळी असते, आम्हाला कोणाला चालत नाही.

काका, तू कुठे बसला होतास?

टाचणी

*

२५ मार्च

काका,

बारा दिवस झाले. बहिऱ्या माणसाला पत्रही ऐकू येत नाही का?

मी रागावलेली नाही. आईला काही विचारलेलं नाही. एवढं तरी सांग, विचारू की नको?

टा.

*

२९ मार्च

टाचणी,

समोर बसलो होतो. तुझ्या आईच्या समोर, स्टुलावर. वाळूची पिशवी आमच्या मधे. वहिनी ठोकायच्या आणि मी धरायचो.

तुझे आजोबा, वहिनींचे वडील, पत्र्याचे डबे आणि बादल्या करायचे. त्यांच्या हाताखाली वहिनी शिकल्या. दादाने गाडी कापून आणली तेव्हा आम्ही तिघंच होतो. दादा इंजिनात डोकं घालून. पत्रा सगळा वहिनींचा, बॉनेट, बाजू, नाक, सगळं. मला तेव्हा रिव्हेट मारण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी चोवीस वर्षांचा, दोन वर्षं काम शोधत होतो. दुसरं काही नाही म्हणून पत्रा धरून बसायचो.

बसच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्याचे मालक एका शर्यतीला आले. नाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "हे कोणी केलं?" दादाने वहिनींकडे बघितलं. वहिनी हात पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्यांनी. आमच्या भाऊजींनी."

मी तोंड उघडलं. आणि मिटलं.

पुढच्या सोमवारी मी कामावर. पहिल्या दिवसापासून नाकवाले मिस्त्री. मालक दर वर्षी म्हणायचे, एकदा तुमच्याकडून एक खास नाक करून घ्यायचंय. बसला नाक नसतं, हे माझं नशीब. सपाट पत्रे आणि रिव्हेटच्या ओळी. त्या मात्र मी मारल्या, चौतीस वर्षं, एक ओळ वाकडी नाही. तेवढं माझं खरं. भिंतीवरची ती फ्रेम मी उलटी करून ठेवलीये.

मी गेलो आणि वहिनींनी हातोडा ठेवला तो कायमचा. एका वाक्यात त्यांचं सगळं माझ्या नावावर झालं. म्हणून मी आलो की दोन दिवसांवर राहायचो नाही. तुला वाटायचं माझं आणि दादाचं बिनसलंय. दादाशी कोणाचं बिनसेल? तो गेला तेव्हाही मी दारात उभा राहिलो. वहिनींच्या समोर बसणं मला झालं नाही.

तुला शिकवताना वाटलं, लिहून भागेल. इतकी वर्षं डोळ्यांसमोर आहे, उतरवून काढू. पण मी बघितलंय, केलं नाही. बघणाऱ्याचा उजवा वेगळा असतो, हे मी साठीला आल्यावर तू दाखवलंस.

विचार. किंवा नको. तू ठरव. मी बहिरा आहेच, भित्राही आहे.

काका

*

५ एप्रिल

भाऊजी,

नमस्कार. टाचणीने तुमचं चित्र फ्रिजवर चिकटवलं आणि "चुकून राहिलं" म्हणाली. तिला धड खोटं बोलता येत नाही, बापावर गेलीये. मग पत्रंही "चुकून" टेबलावर राहिली. सगळी. तारखेप्रमाणे लावून.

चित्रात माझा अंगठा फार जाड काढलात. बाकी ठीक.

तुम्हाला वाटतं तुम्ही माझं नाव घेऊन गेलात. घेऊन कसले जाताय? मी दिलं. चांगली शुद्धीत होते. तुम्ही दोन वर्षं जेवताना ताटाकडे बघत जेवायचात, दुसरी भाकरी मागायचा नाहीत. मला ते बघवत नव्हतं. ते वाक्य मी आजही तसंच बोलेन. ह्यांना मीच बजावलं होतं, तोंड मिटून ठेवा. त्यांनी आयुष्यात पाळलेलं एकुलतं एक गुपित ते. त्यातही काका गेला म्हणून नाक नाही, असं पोरीला सांगत बसले. म्हणजे निम्मं फोडलंच.

हातोडा मी तुमच्यामुळे ठेवला हे खरं आहे. पण तुम्ही लिहिताय त्या कारणाने नाही.

तुम्ही गेल्यावर मी तीनदा बसले. समोर ह्यांना बसवलं. दोन मिनिटांत पाय हलायला लागायचे, क्लच दाबत असल्यासारखे. पत्रा हातात आणि जीव धावपट्टीवर. एकदा माझं बोट सापडलं. मग एका पगारी माणसाला बसवलं. तो धरायचा घट्ट, पण फिरवायचा मी सांगितल्यावर. तुम्हाला मी कधी सांगितलं होतं? काठावर दोनदा बोट वाजवलं की फिरवायचात, एकदा वाजवलं की थांबायचात. पुढे पुढे तर वाजवायच्या आधीच. ठोकणारे पुष्कळ मिळतात हो. समोरची जागा रिकामी झाली आणि माझा हात चालेना. चिडायचं ठरवलं होतं तुमच्यावर. मग सीट कव्हरांचं काम आलं आणि ते राहूनच गेलं.

शेडमध्ये मी जात नव्हते ती भिंतीमुळे नाही. भिंतीचं मला काय? माझ्या नाकाने ह्यांचे पाय वाचवले, मी तर मिरवायला हवं. तिथे ते स्टूल दिसायचं.

परवा गेले. पोरीचा फुगा बघितला. उलटा आहे, पण वाईट नाही. शिकवणाऱ्याने मन लावून शिकवलंय. तो फेकू नको म्हटलंय तिला.

आता पंधरा दिवस राहिलेत. माझा खांदा दुखतो, जुना जोर नाही. पण हातोडा पडू द्यायचा असतो, मारायचा नसतो, हे तुम्हीच पोरीला लिहिलंत. ऐकलं होतंत म्हणजे तेव्हा.

मांजरीची पिल्लं एव्हाना चालायला लागली असतील.

— वहिनी

*

९ एप्रिल

वहिनी,

पिल्लं कधीच पळून गेली. गुडघाही बरा आहे, तो तसा बराच होता.

शनिवारी सकाळच्या गाडीने पोचतो. स्टूल तेच असेल तर पाय तपासून ठेवायला सांगा, माझं वजन वाढलंय.

— भाऊजी

*

२४ एप्रिल

काका,

हे पोस्टात टाकणार नाही. तू पलीकडच्या खोलीत आहेस, मधे एकच भिंत आहे, आणि तू आईच्या मशीनचा पट्टा बदलतोयस. पण बोलायचं तर ओरडावं लागेल आणि हे ओरडून बोलायचं नाही. दाराखालून सरकवतेय.

तुम्ही नाक करत होतात तेव्हा मी कोपऱ्यात रिकाम्या डब्यावर बसून होते. पाच दिवसांत तुम्ही दोघं मिळून किती शब्द बोललात, मी मोजलंय. अकरा. त्यातले चार "चहा". पहिल्या दिवशी तू तिच्याकडे बघतच नव्हतास, नुसता पत्र्याकडे. तिने हातोडा उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. पहिला घाव पडला तो फार हळू होता. मग काठावर दोनदा बोट वाजलं. तुला हाक मारली तर ऐकू येत नाही, दार वाजलं तर येत नाही. पण तू फिरवलंस. त्या क्षणी मला कळलं, तुला ते कानाने ऐकायचंच नव्हतं कधी. पत्र्यातून तुझ्या हातात येत होतं.

तिसऱ्या दिवशी ती वाजवायच्या आधी तू फिरवलंस आणि ती हसली. तू खाली बघत होतास. म्हणून सांगतेय, हसली होती.

आणि तुझी रिव्हेटची ओळ. मी पट्टी लावून बघितली, रागावू नकोस, धंदाच तो माझा. केसभर वाकडी नाही.

गाडीत बसले तेव्हा माझे पाय आपोआप हलायला लागले. बाबांचे क्लच दाबल्यासारखे हलायचे म्हणून आई सांगते, तेच असेल. तीन फेऱ्या मारल्या. तिसरीत सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. नाकाच्या टोकापासून वारा दोन बाजूंना फुटून माझ्या कानांवरून जात होता, आणि फुग्याखालून कार्बोरेटर श्वास घेत होता. मला तिथे बाबा भेटतील असं वाटलं होतं. भेटले नाहीत. पण त्यांनी आयुष्यभर समोर काय बघितलं ते मी बघितलं. एक लांब काळं नाक, आईने ठोकलेलं, तू धरलेलं, आणि त्याच्यापुढे मोकळी पट्टी. बरं दिसतं तिथून.

पण मला खरं लिहायचंय ते फाटकावरचं. तो तपासनीस फोटो हातात धरून आला, नाकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हे कोणी केलं?" मी फॉर्म पुढे करणार तेवढ्यात आईने मान वर न करता सांगून टाकलं, "ह्यांनी. आमच्या भाऊजींनी."

सवय म्हणायची की खोडी, अजून सांगत नाहीये ती.

तुला ऐकू येणं शक्यच नव्हतं, शेजारी तीन इंजिनं चालू होती. पण तू तिच्या ओठांकडे बघत होतास. आणि मग तू तोंड उघडलंस. काका, तुला भोंगा का म्हणतात ते मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्या दिवशी सगळ्या धावपट्टीला कळलं.

"खोटं बोलतायत! ठोकलं वहिनींनी! मी नुसतं धरलं!"

एका गाडीचं इंजिन बंद पडलं. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तपासनीसाच्या हातातून फोटो पडला. आई लाल झाली आणि म्हणाली, "अहो हळू! आणि नुसतं कसलं, धरणं काय सोपं असतं?" मग तुम्ही दोघं तिथेच भांडायला लागलात, कोणी जास्त केलं नाही यावरून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. तपासनीस शेवटी मला म्हणाला, "बाई, एक काहीतरी लिहा, मला जेवायला जायचंय."

रकान्यातलं तुझं नाव मी खोडलं. तू जानेवारीत सांगितलं होतंस, एप्रिलमध्ये ऐकलं. त्या जागी लिहिलं, "ठोकलं आईने, धरलं काकाने." रकाना लहान होता, शेवटचे दोन शब्द बाहेर गेले.

आता राहिलेलं. तो उलटा गाल आईने पुढच्या खोलीत खिळ्याला टांगलाय. सकाळी त्याच्याखाली उभी राहून म्हणाली, "एवढा चांगला गाल. ह्याला साजेशी गाडी कुठे मिळते का बघायला हवं, डाव्या कार्बोरेटरची." आणि खाकी कागदाची गुंडाळी काढून ठेवलीये.

तुझी परतीची गाडी सोमवारची आहे ना? तिकीट तू सगळीकडे शोधतोयस, काल गादीखाली बघत होतास ते दिसलं मला. ते आईकडे आहे. शेडमध्ये, साबणाच्या डब्याखाली. मी काढून देणार नाही. हवं असेल तर तूच माग तिच्याकडे, स्टुलावर बसून, समोरासमोर.

तुझी,
टाचणी